पुराची रंगीत तालीम

काळी फीत माझ्या मनगटाला
ढोबळे साहेबांनी स्वतः बांधली, दुहेरी गाठ मारून.
लाल म्हणजे आधी उचला.
पिवळी म्हणजे थांबू शकतो.
हिरवी म्हणजे येईल आपला चालत.
काळी म्हणजे
आता घाई नाही.

कागदावर रात्रीचे दोन वाजले होते,
नाग नदी भिंत ओलांडून नंदनवनात शिरली होती.
शाळेच्या मैदानावर सकाळचे साडेअकरा,
नवतपाचा तिसरा दिवस,
आणि मी, झोन ऑफिसचा आवक-जावक लिपिक,
चुन्यानं आखलेल्या पुरात
बुडून मेलेला, उताणा.
पाण्याचा टँकर यायचा होता,
तो कुठल्याशा उद्घाटनाला गेलेला.

आधी मजाच वाटली.
मेलेल्याकडे टपाल येत नाही.
शिट्टी झाली, दोर फेकले गेले,
कुणी ओरडलं, "अबे, बोट इकडं घे ना!"
आणि चौघं जण रबरी बोट डोक्यावर घेऊन
कोरड्या मैदानातून धावत माझ्यावरून गेले.
तिच्या सावलीत मी तीन सेकंद होतो.
ती सावली अजून आठवते.

लाल गेले. पिवळे गेले.
हिरवे चालत गेले मंडपात, मठ्ठ्याकडे.
मग माती शर्टातून आत आली.
छातीवरची पाच बटणं
पाच जागी वेगवेगळी कळायला लागली.
घाम खूप आला, आणि मग यायचाच थांबला.
मला वाटलं, बरं झालं.
हात वर करावासा वाटला एकदा,
पण मृत व्यक्तीने हालचाल करू नये
हे मीच टाइप केलं होतं,
सूचना क्रमांक नऊ.

पंचशीलाबाई गेडाम, हिवरीनगरहून आणलेल्या,
दीडशे रुपये आणि जेवणाचा डबा,
भूमिका : मृताची नातेवाईक, रडणे.
आल्या, बसल्या, सूर चांगला लावला,
माझ्या कपाळाला हात लावला
आणि रडायच्या थांबल्या.

"हा खरंच मरून राहिला जी!"

माइकवरून आवाज : रडत राहा बाई, कॅमेरा सुरू आहे.
"रडू काहून? पाणी आना ना बाप्पा!"
मंडपात टाळ्या पडल्या.
काय काम करते बाई, म्हणाले लोक.

त्यांनी स्वतःच्या बाटलीत पदर भिजवला,
माझ्या मानेला, काखेत दाबला,
पाय धरून ओढत नेलं रुग्णवाहिकेच्या सावलीला.
साहेबांची गाठ सुटेना,
तेव्हा काळी फीत दातांनी तोडली
आणि थुंकली.

मागच्या मे महिन्यात, टिनाखाली,
त्यांचा दीर दुपारी जरा आडवा झाला होता,
गवंडीकामावरून येऊन.
संध्याकाळी चहाला हाक मारली, उठला नाही.
दाखल्यावर लिहिलं : हृदयक्रिया बंद.
"ते तं सगळ्याइचीच बंद पडते," त्या म्हणाल्या,
"काहून पडली, ते कोन लिहीन?"

मेडिकलमध्ये तीन दिवस सलाइन.
परतलो तर टेबलावर अहवाल :
तालीम यशस्वी. वेळेत पूर्ण.
प्रत्यक्ष जीवितहानी : निरंक.
मीच त्याला आवक क्रमांक दिला.
मग पेन्सिल काढली.
उन्हासाठी त्यात रकाना नव्हता,
म्हणून समासात, उभं, बारीक लिहिलं :
हिवरीनगर, टिनाची घरं एकशे बारा,
दुपारी घरात एकटं कोण असतं,
पंचशीलाबाईंना विचारणे.
आणि त्यांचा फोन नंबर.

जूनमध्ये त्याच आल्या ऑफिसात,
पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसल्या.
दीडशे रुपये अजून मिळाले नव्हते.
लेखा शाखेनं व्हाउचरवर शेरा मारला होता :
रडण्याचे काम अपूर्ण.