बस नंबर चौदा, शारजा

पहिला थांबा रोला, पाच वाजून दहा मिनिटं.
शेवटचा शारगान, सहा पाच.
मधल्या पंचावन्न मिनिटांची झोप
कुणाच्या वाट्याला येते
ते मी घरभाड्यावरून सांगते.

माझं काम पट्टे लावणं, डोकी मोजणं,
कुणाला उलटी आली तर पिशवी धरणं.
मार्कांशी माझा संबंध नाही.
पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी
कानावर पडायचं ते पडतंच.

रोल्याची पोरं रात्री अकरापर्यंत
पार्किंगच्या वाळूत क्रिकेट खेळतात.
खोलीत फळीपलीकडे दुसरं कुटुंब, जागा कुठे.
पोरींना लिफ्टखाली सोडत नाहीत.
मग वरच्या बंकवर, मोबाइलच्या उजेडात,
करणार काय, गणितंच सोडवतात.
लोक म्हणतात, गरिबाघरच्या मुली हुशार.
मी म्हणते, दार बंद होतं.

शारगानला उलटं.
नीरद सबनीसला गणिताचे सर घरी येतात,
शिवाय रोबॉटचा क्लास.
जुळ्या बहिणीला पियानो.
"आमच्या शाल्मलीचं आकड्यांशी वाकडं"
असं तिची आई इतक्या लाडानं सांगते,
जणू गालावरची खळी.

रोल्याची झुबिया खतीब, आठवी ब, गणितात सत्त्याण्णव.
नीरद चढला की त्याची वही घेते,
नॅशनल पेंट्सच्या चौकापर्यंत गणितं उरकून देते.
बदल्यात चीजचा क्रोसाँ.
अर्धा खाते, अर्धा
शेजारी घोरणाऱ्या अफनानच्या खिशात.
भाऊच तो.

मी बघते. बोलत नाही.

मार्चात बापाचा ओव्हरटाइम बंद झाला.
फी एकाचीच भरता येणार होती.
अफनानला एक्केचाळीस.
"त्याला पुढं कमवायचंय ना, आंटी,"
मलाच समजावत होती,
आणि विचारत होती, अर्ध्या महिन्याचे बसचे पैसे परत मिळतात का.
हिशेब करून आली होती: एकशे साडेबारा दिरहम.

आता ती मंडणगडला.
रोल्याला मोजताना मी अजून सतरा म्हणते,
मग सोळा.

शारगानला नीरद चढतो, वही हातात,
मागच्या रिकाम्या सीटपाशी उभा राहतो.
शाल्मली खिडकीतून नजर न काढता म्हणते,
"रोज एक मुद्दाम चुकवायची ती.
तुला कधी कळलंच नाही?"

बसा, मी म्हणते.
पट्टे लावा.