अक्षरामागे सात रुपये

पंचायतीनं पाटी सांगितली:
आठ बाय चार, निळी, वर पांढरी अक्षरं,
मथळा 'प्रेक्षणीय स्थळे'.
दर अक्षरामागे सात रुपये,
काना-मात्रेचे वेगळे पैसे नाहीत, सरपंच म्हणाले,
आणि जोडाक्षर एक धरायचं की दोन
यावर ग्रामसेवकानं चहा संपेपर्यंत विचार केला.

मी बाबुसो पेंटर, किरणपाणीचा.
माझ्या हातचं वाचल्याशिवाय या भागात
कुणाला नाटकाची तारीख कळत नाही,
काजूचा भाव कळत नाही,
कुठे मुतू नये तेही कळत नाही.

यादी त्यांनीच दिली.
तेरेखोलचा किल्ला, बाण डावीकडे.
केरीचा किनारा, सुरूची झाडं.
रेडीचा गणपती नको, ते राज्य वेगळं,
आपल्या रंगात त्यांची जाहिरात कशाला?
शेवटी: पूल, सेल्फी पॉइंट.

पूल खरंच बघण्यासारखा आहे.
मधोमध गेलं की खिशातला फोन थरथरतो,
महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.
गाड्या थांबतात. बॉर्डर नक्की कुठली हो?
एक पाय इकडे, एक तिकडे, दात दाखवून फोटो.
पलीकडे आरोंद्याला शिपाई
डिकी उघडून बाटल्या मोजतो.

पूल नव्हता तेव्हा
ही नदी दोन देशांच्या मधून वाहायची.
इकडे पाखल्यांची गस्त,
तिकडे हिंदुस्थान,
मासे दोन्हीकडचे.

हे शेवंती मावशीनं सांगितलं,
पाटीसाठी नव्हे,
मी खांबाचा खड्डा खणत होतो म्हणून.
नव्वदीला टेकलेली, सुपात सोलं घेऊन उन्हाला आलेली.
"खांब थंय नको रे," म्हणाली,
"थंयसर माझी काठी असायची."

लग्न होऊन ती आरोंद्याहून होडीनं आली
आणि पुढच्या वर्षी होडी बंद झाली.
परवान्यावर शिक्का मिळेना.
भाऊ, तातू, भाऊबीजेला समोर येऊन उभा राहायचा,
सुकती बघून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात,
तेवढीच नदी अरुंद.
हाक पोचत नसे, वारा आडवा.
म्हणून मावशी काठी रोवायची
आणि काठीला जितकी पोरं तितकी झबली बांधायची.

पहिल्या वर्षी एक.
मग दोन.
मग तीन, तिसरं एवढंसं,
की तातूला दिसलं की नाही कोण जाणे.
पुढच्या खेपेला
पुन्हा दोन.

समोर तातूनं टोपी काढली
आणि बराच वेळ घातली नाही.

घरी जाऊन आईला काय सांगितलं असेल त्यानं?
मावशी म्हणते, विचारायचं राहूनच गेलं.
शिपाई गेले, होड्या सुरू झाल्या,
तेव्हा बोलायला कितीतरी दुसरं होतं,
मिठाचा दर, धाकटीची सोयरीक,
बांधावरच्या माडांचं भांडण.
आणि मग तातूच राहिला नाही.

मी खांब दोन हात सरकवला.
पाटीवर तळाला एका ओळीची जागा उरली आहे.
रात्री हिशोब करून पाहिला:
शेवंतीची काठी.
सहा अक्षरं, बेचाळीस रुपये, माझ्याकडून.
पण बाण कुठे वळवायचा कळेना,
आणि अंतराच्या रकान्यात काय भरायचं?
किलोमीटरमध्ये ते बसत नाही.
दिसतं पण ऐकू येत नाही,
एवढं.

सरपंच विचारून गेले, ही ओळ कोरी का?
म्हटलं, रंग वाळू दे.

दुपारी पुण्याची एक गाडी थांबली.
चौघंजण उतरले, पाटी वाचली,
चालवणाऱ्यानं मान डोलवली
आणि ते बाणामागे किल्ल्याकडे गेले.

पहिला खड्डा मी अजून बुजवलेला नाही.
भरतीला त्यात पाणी भरतं.
सुकतीला एक कुर्ली तेवढी मागे राहते,
नांग्या वर करून.