तारखेचा रकाना

प्रिन्स अल्बर्टच्या तुरुंगात मार्च लागला की
पहारेकरी पाच-पाच डॉलर लावतात:
नदीवरचा बर्फ कधी फुटणार?
ओरेस्टलाही विचारतात, गमतीत.
एकोणीस एप्रिल, तो म्हणतो,
आणि पुन्हा एकदा म्हणतो.

त्याच्या कागदावर तो रकाना कोरा.
वकीलबाईंनी अपिलात सत्तर पानं लिहिली,
त्यानं खाली पेन्सिलीनं एक ओळ:
चाळीस म्हणा, पन्नास म्हणा,
पण आकडा म्हणा.

रेजायनाला, सुनावणीत, तिसऱ्या बाकावर आर्लीन.
डाव्या हाताची दोन बोटं
अजून मिटत नाहीत.
तिनं कोट काढला नाही.

निकाल राखून ठेवला.
कधीपर्यंत, ते
दोघांपैकी कुणालाच विचारता आलं नाही.

बर्फ सतरालाच फुटला.
ओरेस्ट दोन दिवसांनी हुकला.