सतरावी ओळ

मकरपुऱ्यात, वॉल्व्हच्या कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर,
जिथे एसीखाली मी बारा महिने शाल घेऊन बसते,
बजेटच्या सोळा ओळी भरून झाल्यात.
टोनर. पंखे. यूपीएसच्या बॅटऱ्या, चोवीस.
सतराव्या ओळीत फक्त ‘सर्व्हर, नवा’
आणि पुढचा रकाना कोरा.

चिप अजून आलेली नाही.
तिला खरं नावही नाही, कुठल्याशा परक्या गावाचं
टोपणनाव लावलंय,
बारशाआधी बाळाला आपण ठमी म्हणतो तसं.
कोणी म्हणतं एकशे ब्याण्णव कोअर,
कोणी दोनशे छप्पन्न.
वॅट पाचशे, किंवा सहाशे.
मेमरीच्या वाटा बारा की सोळा
यावर रत्नाकर घोरपडे आणि मी
डब्यातली भेंडी गार होईपर्यंत भांडतो.

किमतीबद्दल मात्र सगळे गप्प.
काळ्या घोड्याच्या पुलावरून विश्वामित्रीत वाकून बघावं
तर गढूळ पाणी, दोन प्लास्टिकच्या पिशव्या,
आणि कदाचित मगरीचे डोळे,
कदाचित नुसतं लाकूड.
लांबी किती, ते ती बाहेर आल्यावरच.

निकुंजभाईंना फोन केला.
“बेन, भाव पडेल तेव्हा पडेल. आत्ता धरून चाला.”
किती धरू?
“जुन्याच्या दीडपट धरा. नाहीतर दुप्पट धरा.”
आणि हसले,
गोदामात माल असलेला माणूस हसतो तसे.

कंसारा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.
“नव्यामध्ये कॅश किती?”
मी खुर्चीतून उठायचीच बाकी राहिले.
अकरा वर्षांत यांनी पहिल्यांदा काही नेमकं विचारलं.
“पाचशे बारा एमबी, बहुतेक,” मी म्हटलं,
“थरावर थर रचलेली. म्हणजे मीठ हवं असलं
तर फडताळापर्यंत जायला नको,
ओट्यावरच, हाताशी...”
ते माझ्याकडे बघत राहिले.
मग कळलं.
चेकने किती आणि रोख किती, एवढंच
त्यांना हवं होतं.
मराठीत दोन्ही सारखंच लिहितात.
गुजरातीतही.

संध्याकाळी हिशोबाला बसले.
सॉफ्टवेअरवाले कोअर मोजून भाडं घेतात,
म्हणजे जितकी डोकी तितकी पट्टी.
गरम होणार, म्हणून एसी वाढवा,
एसीसाठी केबल जाड,
केबलसाठी भिंत फोडा.
हत्ती एकवेळ स्वस्तात मिळेल,
माहुताचे पैसे वेगळे आणि दरवाज्याचे वेगळे.

आणि जुना, काचेमागे, घरघरत.
पुराच्या वर्षी चौघांनी खांदा देऊन
तळमजल्यावरून याला वर आणलं होतं.
तेव्हा घोरपडे नवा होता, त्याची चप्पल वाहून गेली.
वाफ वॉल्व्हमधून कशी जाते
हे सांगायला याला नऊ तास लागतात.
नवी म्हणे चाळीस मिनिटांत सांगेल.
उरलेले आठ तास वीस मिनिटं
मी काय करणार,
हे कुठल्याच तक्त्यात दिलेलं नाही.

शेवटी लिहिलं:
एकोणीस लाख सदतीस हजार चारशे.
गोल आकडा साहेब कापतात.
चारशे दिसले की वाटतं, बाईंनी विचार केलाय.
रकाना पिवळा केला.

अकराला लावलेलं गणित आठ वाजून दहाला संपलं.
पंख्यांचा सूर उतरला.
वॉल्व्ह टिकतोय. थोडक्यात टिकतोय.
दिवा मालवला, शाल घडी केली,
दाराबाहेर चपला घातल्या,
तेवढ्यात घोरपडेचा मेसेज:
मॅडम, आता दोनशे अठ्ठ्याऐंशी म्हणतायत.

मी चपला काढल्या.