कोस्याले रगत चालत नाई

हे वाक्य मी प्रयोगशाळेत नाही शिकले.
आरमोरीच्या आत, गाढवी नदीच्या अलीकडे,
ऐनावर अळ्या चढल्या की
रुखमाआत्या म्हणायची,
कोस्याले रगत चालत नाई.
मग घरात तेल नाही, मासोळी नाही,
आम्ही ढिवर, तरी मासोळी नाही,
आणि महिन्याचे चार दिवस मी बांधापलीकडे,
दुमानेकाका गुलेलीनं कावळे हाकायचे
ते लांबूनच बघत.

अकरा वर्षांनी पीएचडीच्या वहीत
तेच वाक्य मी उलटं लिहिलं:
रक्ताला कोसा चालत नाही.

म्हणजे असं,
की कोसा उकळून, विरघळवून, गाळून
तणसाच्या काडीएवढी नळी ओतली.
पेशी तिला बिलगतात, बिऱ्हाड करतात,
नळीनं मग हळूहळू जिरून जावं
आणि मागं नुसती शीर उरावी,
असा बेत.
पण आत रक्त शिरलं की प्लेटलेट धावतात,
परका, परका करत एकमेकींना धरतात.
गुठळी.

काल रविवार. रज्जाकभाईच्या दुकानातून
बकऱ्याचं रक्त आणलं, थर्मासमध्ये,
सायट्रेट घालून निजवलेलं.
अंगणात कॅल्शियमचे थेंब टाकून जागं केलं.
आत्या पाटावर. मोबाइलचं घड्याळ तिच्या हातात.

पहिली नळी, साधी. सहा मिनिटं.
तिरपी केली, हललं नाही.

दुसरीच्या आतल्या अंगाला मी सल्फेट जडवले होते,
आपल्या शिरांना असतो तसा ऋण भार,
जवळून जा, पण चिकटू नको, एवढंच सांगणारा.
बारा.
सतरा. कोंबडी येऊन हुंगून गेली.
एकवीस.
वाहत होतं.

आत्यानं नळी उन्हाकडे धरली.
"थे बी कोसाच हाय?"
कोसाच.
"मंग आपल्याले कोनं सांगतलं होतं?"

मी घाईघाईनं म्हटलं, हे बकऱ्याचं आहे,
माणसाचं अजून लावलंच नाही,
एकवीस मिनिटं म्हणजे काहीच नाही,
शिरेला तर रात्रंदिवस...
ती थर्मास विसळायला लागली होती,
राखेनं, दोनदा.

"ऐनाकडं जाऊन ये," पाठमोरीच म्हणाली,
"वरच्या फांदीवर धा-बारा रायले."
कितवा दिवस, विचारलं नाही.

दुसरा होता.