दोन रात्री, एक मूल, नाश्त्यासह

फोटोत होतं तसंच आहे सगळं.
चुन्याच्या भिंती, घडीव काळा दगड,
खिडकीभर धोमचं पाणी आणि पाण्यापलीकडे
कमळगड, कुणी मुद्दाम टांगल्यासारखा.
फोटोत नव्हते ते पलंगाचे कोपरे.
एकोणीस महिन्यांच्या कपाळाच्या
बरोबर उंचीचे.

सुजयने आल्या आल्या स्वतःचे मोजे
त्या चार कोपऱ्यांना चढवले
आणि खोली आमची झाली.

मग मी कामाला लागले:
काचेचा दिवा कपाटावर,
मातीचा बारक्या मानेचा चंबू कपाटावर,
सुकवलेल्या गवताचा उंच गुच्छ
(आमच्या बांधावर त्याला कुणी विचारत नाही)
तोही कपाटावर.
आता सगळी अभिरुची
छताखाली दोन फुटांत दाटीवाटीनं राहते
आणि खाली आम्ही,
डायपर, मऊ भाताचा डबा,
एक चाक नसलेली बस.

अबोली तिचं नाव. येतात तीनच शब्द:
नको, माऊ, आणि पुना.
मॅनेजर वाकून म्हणाला, अरे वा, पुण्याची का?
नाही हो, कराडची.
ती ‘पुन्हा’ म्हणतेय.

जेवायला वाघ्या घेवड्याचं सूप, पांढऱ्या वाडग्यात.
शेजारच्या टेबलावर लिनन घातलेलं जोडपं
आमच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होतं.
मला ते न बघणं ओळखीचं आहे.
तीन वर्षांपूर्वी मी तेच करायची,
इतक्याच शांतपणे चमचा धरून.
चौथा घेवडा त्यांच्या पाण्याच्या ग्लासात पडला.
माऊ, अबोली म्हणाली. दिलगिरीच असावी.

सकाळी ती हरवली. म्हणजे
मी बुटाची नाडी बांधेपर्यंत.
व्हरांड्याच्या टोकाला शोभेचं जातं आहे,
तोंडात जाड मेणबत्ती खोचलेलं.
मेणबत्ती बागेत गेली होती.
जात्याच्या तोंडात मुठीमुठीनं कॉर्नफ्लेक्स.
दोन्ही हातांनी खुंटा ढकलत होती
आणि जातं हलत नव्हतं.

चादरींचा ढीग घेऊन निघालेल्या कांताबाई थांबल्या.
मी म्हटलं, सॉरी, पुसते मी.
त्यांनी ढीग माझ्याच हातात दिला,
बसल्या, एक पाय लांब केला:
‘उलटं ढकलतीया गं बया. असं न्हाई. हिकडून.’

आणि तो आवाज.
फरशीतून तळपायात आला आधी,
मग कानात.
पाळीवर पिवळसर पीठ सांडलं,
अबोलीनं बोट बुडवून चाखलं.
पुना.
कांताबाईंनी पुन्हा फिरवलं.
पुना.
मधेच, पाण्याकडे न बघता, म्हणाल्या,
‘आमचं बी असंच व्हतं. ऱ्हायलं खाली.
पानी आलं तवा मी हिच्याएवढीच.’
मी पाण्याकडे बघितलं.
चादरींना लॅव्हेंडरचा वास येत होता.
लिननवाली बाई चहा घेऊन उभी होती जवळच,
आज मात्र सरळ बघत.

रात्री आठला अबोली झोपली, आणि दिवे घालवले
की आम्हाला बसायला एकच जागा उरली: न्हाणीघर.
सुजय कोरड्या टबमध्ये, पाठीला उशी,
मी कमोडच्या झाकणावर,
मधे स्टुलावर ब्रेड आणि पाचगणीचा जॅम.
कुजबुजत आम्ही आधी हप्त्याचं बोललो,
मग त्याच्या बदलीचं,
मग त्यानं मला विचारलं, तू कशी आहेस,
आणि मी उत्तर द्यायला
टूथब्रशच्या ग्लासात उगाच पाणी ओतलं.
साडेअकरा वाजले बोलता बोलता.
एकदा हसलो तर
बाहेर पाळण्यात कूस वळल्याचा आवाज आला;
तोंडावर टॉवेल धरून हसलो मग.

निघताना सगळी अभिरुची कपाटावरून उतरवली.
चंबूला टवका गेलाय, माझ्याच हातून.
चारशे रुपये बिलात लागले, मी वाद घातला नाही.
मोजे तीनच सापडले.

वाई मागे पडली, सुरूरचा फाटा आला,
मागच्या सीटवरून
झोपेतच कुणीतरी म्हणालं,
पुना.
सुजयनं आरशात बघितलं, मी त्याच्याकडे,
आणि दोघांनीही एकदम
खर्चाचा विषय काढला.