उतारावर बंद

सोहारच्या रिफायनरीत माझं काम
पेट्रोलचा नंबर काढायचं.
लॅबमध्ये एका सिलिंडरचं इंजिन आहे,
ते कधी खोकतं ते ऐकायचं
आणि मांडायचं : एक्क्याण्णव. पंच्याण्णव.
अकरा वर्षं मी इंजिनाचा खोकला ऐकते आहे.

म्हणून शुक्रवारी शोरूममध्ये बावरले.
हमदाननं बटण दाबलं, म्हणाला, ''चालू आहे, मॅडम.''
काहीच ऐकू येईना.
बॉनेटवर हात ठेवला, ताप बघतात तसा.
गार.

शेजारी ती दुसरी, पांढरी,
आठ सिलिंडरची, चढायला पायरी लागणारी.
अभिराम तिच्यात दोनदा बसून आला होता.
''वाळूत जाता येईल.''
आपण वाळूत कधी गेलो?
''जाऊ शकू ना.''
त्या 'शकू'चं ॲव्हरेज लिटरला सहा.

लॅबमध्ये कुरियन हसला होता पोट धरून :
हलवायानंच साखर सोडली
तर दुकान कुणी चालवायचं?
उत्तर सुचलं नाही.
अजूनही धड सुचलेलं नाही.

बाबांची स्कूटर रिझर्व्हला आली
की ते तिला एका कुशीवर निजवायचे,
तळातला घोट पाजायचे, मग पुन्हा किक.
आणि कुंभार्ली घाटात उतार लागला
की चावी फिरवून बंद.
मी मागे, त्यांचा शर्ट मुठीत.
इंजिन नाही, नुसती चाकांची सुर्र,
ब्रेकचा करपट वास,
आणि पोफळी येईस्तोवर आम्ही दोघं
फुकटात जाणारी माणसं.
घरी आल्यावर वही : किलोमीटर, लिटर, भागाकार.
एके ठिकाणी शेरा आहे : 'वाऱ्याने मदत केली.'
पर्यावरण हा शब्द त्या वहीत कुठेच नाही.
माझी फी आहे, मागच्या पानावर.

हमदान खरं बोलणारा निघाला.
म्हणाला, जून-जुलैत एसीसाठी इंजिन येत-जात राहील,
कागदावरचा आकडा मिळणार नाही.
बॅटरीचं विचारलं तर खांदे उडवले.
तिच्यासाठीही कुठेतरी कुणाची जमीन खणलीच असणार.
असो. धुतल्या तांदळाची गाडी
कुठल्याच शोरूममध्ये नसते.

चक्कर मारायला निघालो समुद्राकडे.
सिग्नलला थांबले, आणि सगळं गप्प झालं.
''बंद पडली!'' अभिराम. आवाजात आनंद लपेना.
''नाही सर,'' हमदान मागून, ''थांबली आहे फक्त.''
मी काच खाली केली.
बेचाळीस अंशांची वाफ आत आली
आणि तिच्यामागून, मासळीबाजाराच्या बाजूनं,
कुणीतरी ओलं जाळं झटकत असल्याचा आवाज.
इतकी वर्षं याच सिग्नलला थांबते आहे.

परतताना क्षितिजावर आमची ज्योत दिसली,
रिफायनरीची, दिवसाढवळ्या जळणारी.
तिच्यावर घर चालतं. ईराची शाळा.
बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिनंच केलं म्हणा ना.
मीठ तिचंच खाते, नाकारत नाही.
पण मीठ मोजूनच घालतात ना कोणीही?
कुरियनला हे सांगायला हवं होतं.

सही केली. रंग उरला होता तो घेतला,
कसलातरी राखाडी.
अभिराम ''डिकी लहान आहे'' एवढंच म्हणाला,
आणि आठवड्यानं, आपणहून,
डॅशबोर्डवरचा आकडा वाचून दाखवू लागला.

रात्री चिपळूणला फोन.
बाबांनी कंपनी विचारली नाही, किंमत नाही.
''ॲव्हरेज?''
''बावीस देते.''
''एसी लावून?''
''लावून.''
जरा थांबले. ''उतारावर बंद करतेस ना?''
''इथे घाट कुठला, बाबा. सगळं सपाट.
आणि ती आपली आपण बंद होते.
कुणी सांगावं लागत नाही.''

तिकडून काही ऐकू येईना.
मी फोन कानापासून दूर धरून पाहिला :
चालू होता.

मग म्हणाले,
''तरी वही ठेव.''